ड्रोनची खरेदी : यंत्राआधी कागद पाहा

लग्नसराई जवळ आली की फोटो स्टुडिओत येणारे ग्राहक हल्ली पहिला प्रश्न विचारतात, "ड्रोन आहे का?" निकाहची बैठक, वरात, वलीम्याचा शामियाना हे सारे वरून टिपलेले हवे असते. अल्बम आणि व्हिडिओच्या धंद्यात असलेल्या आपल्या तरुणांना त्यामुळे असे वाटू लागले आहे की, ड्रोन नसेल तर ऑर्डर हातची जाते. शेतकरी, बांधकाम ठेकेदार, जमिनीचे दलाल यांनाही आकाशातून काढलेले चित्र उपयोगी पडते. हौसेने उडविणारे वेगळेच.

मागणी आहे, माल बाजारात दिसतो आणि किमतीही पूर्वीसारख्या आवाक्याबाहेर राहिलेल्या नाहीत. तरीही आमचे सांगणे असे की, ड्रोन ही मिक्सर किंवा कॅमेऱ्यासारखी पैसे टाकून घरी आणण्याची वस्तू नाही. त्याची जात मोटारसायकलची आहे. मोटारसायकलीला नंबर लागतो, चालवणाऱ्याला लायसन्स लागते, विमा लागतो, आणि काही रस्ते तिला बंद असतात. ड्रोनचेही तसेच आहे. फरक इतकाच की, मोटारसायकलीचे नियम आपल्याला लहानपणापासून माहीत असतात, तर ड्रोनचे नियम गेल्या दहा-बारा वर्षांत पुनःपुन्हा बदलले आहेत. प्रत्येक बदलाच्या वेळी कोणाचा ना कोणाचा पैसा अडकला. घरातले दागिने मोडून किंवा मित्रांकडून उसनवार करून ड्रोन घेणाऱ्या तरुणाला हे माहीत नसेल तर त्याचे भांडवल कपाटात पडून राहील, किंवा पोलीस ठाण्याच्या मुद्देमालात जमा होईल. म्हणून हा विषय आम्ही थोडा विस्ताराने मांडत आहोत.

नियम कसकसे बदलले

मे २०१४ मध्ये मुंबईत एका पिझ्झा दुकानाने ड्रोनने वरळीच्या एका उंच इमारतीवर पिझ्झा पोहोचवून दाखविला. वर्तमानपत्रांत त्याची मोठी चर्चा झाली आणि पोलिसांनी चौकशीही केली. त्याच वर्षी ७ ऑक्टोबर २०१४ रोजी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, जाहीर सूचना काढून नियम तयार होईपर्यंत खासगी ड्रोन उडविण्यास मनाई केली. ही मनाई दोन-चार महिन्यांची ठरली नाही. चार वर्षे ती तशीच राहिली. या काळात बाजारात ड्रोन विकले जात होते, लग्नांत उडतही होते. पण ते उडविण्याला कायद्याचा आधार नव्हता.

ऑगस्ट २०१८ मध्ये पहिले सविस्तर नियम आले आणि १ डिसेंबर २०१८ पासून ते लागू झाले. वजनानुसार पाच वर्ग पडले, नोंदणी आली, आणि 'परवानगी नाही तर उड्डाण नाही' हे तत्त्व आले. म्हणजे ड्रोनच्या आतच अशी सोय हवी की, संगणकावरून परवानगी मिळाल्याशिवाय त्याने जमीन सोडू नये. लोकांनी आधी घेतलेल्या परदेशी ड्रोनमध्ये ही सोय नव्हती, त्यामुळे ते सारे एका रात्रीत नियमाबाहेर गेले. जानेवारी २०२० मध्ये सरकारने अशा मालकांना ३१ जानेवारीपर्यंत आपला ड्रोन स्वतःहून जाहीर करण्याची संधी दिली. ज्यांनी अर्ज केला त्यांना पोचक्रमांक मिळाला. ज्यांना ही बातमी कळलीच नाही, ते बाहेर राहिले.

१२ मार्च २०२१ रोजी नवे नियम आले. ते इतके किचकट होते की व्यावसायिकांनी ओरड केली आणि साडेपाच महिन्यांतच ते रद्द करावे लागले. २५ ऑगस्ट २०२१ रोजी 'ड्रोन नियम, २०२१' जारी झाले. पंचवीस फॉर्मांचे पाच झाले आणि बहात्तर प्रकारच्या शुल्कांचे चार प्रकार उरले. पुढच्या दुरुस्त्या या नियमांतच होत गेल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये पायलट लायसन्सऐवजी प्रशिक्षण संस्थेने द्यावयाचे प्रमाणपत्र आले. सप्टेंबर २०२३ मध्ये या प्रमाणपत्रासाठी असलेली पासपोर्टची अट गेली आणि मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड किंवा ड्रायव्हिंग लायसन्स चालू लागले. ऑगस्ट २०२४ मध्ये ड्रोनच्या नोंदणीसाठीही पासपोर्टची सक्ती उरली नाही. गावाकडच्या तरुणांच्या दृष्टीने या दोन्ही सवलती मोलाच्या आहेत.

एकीकडे असे दार उघडत असताना दुसरे दार बंद झाले. ९ फेब्रुवारी २०२२ रोजी परदेशी व्यापार महासंचालनालयाने तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. तिचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

वजन : पहिला प्रश्न

दुकानात गेल्यावर प्रथम कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल विचारले जातात. विचारायचे ते वजन. नियमांत सारे काही वजनावर ठरते. हे वजन म्हणजे उड्डाणाच्या वेळचे एकूण वजन, बॅटरी आणि वर लावलेल्या प्रत्येक वस्तूसह.

२५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो वर्गात येतो. २५० ग्रॅमच्या वर २ किलोपर्यंत मायक्रो, २ किलोच्या वर २५ किलोपर्यंत स्मॉल, २५ ते १५० किलो मीडियम आणि त्यापुढे लार्ज. घरगुती किंवा लग्नाच्या कामाचे ड्रोन पहिल्या दोन वर्गांतच बसतात. शेतात औषध फवारणारे ड्रोन साधारणतः स्मॉल वर्गात येतात.

अनेक कंपन्यांच्या खोक्यांवर २४९ ग्रॅम असा आकडा छापलेला दिसतो. तो योगायोग नव्हे. निरनिराळ्या देशांत २५० ग्रॅमची रेषा नियमांत असल्याने कारखानदार एक ग्रॅम खाली राहतात. पण दुकानदार तुम्हाला जास्त वेळ चालणारी मोठी बॅटरी देतो, पंख्यांना संरक्षक कडे लावून देतो, कॅमेऱ्यापुढे फिल्टर बसवतो. तेवढ्याने काटा २५० च्या पुढे जातो आणि तुमचा नॅनो मायक्रो होतो. तेव्हा सोनाराच्या काट्यावर म्हणा किंवा किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर म्हणा, तो जसा उडणार आहे तसा जोडून वजन करून घ्यावा. ही पाच मिनिटांची मेहनत पुढचा मोठा वाद टाळते.

काम : हौस की कमाई

दुसरा प्रश्न कामाचा. नॅनो ड्रोन उडविणाऱ्याला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही. मायक्रो ड्रोन केवळ हौसेसाठी, पैसे न घेता उडविला तरी ते लागत नाही. मात्र मायक्रो ड्रोनने लग्नाचे चित्रीकरण करून बिल केले की तो व्यवसाय झाला आणि सर्टिफिकेट आवश्यक झाले. "मित्राच्या भावाचे लग्न होते, पेट्रोलचे पैसे घेतले" ही सबब ऐकली जाईल असे कोणी समजू नये.

सर्टिफिकेटसाठी वय १८ ते ६५ च्या दरम्यान हवे, दहावी उत्तीर्ण असावे लागते आणि डीजीसीएने मान्यता दिलेल्या प्रशिक्षण संस्थेतून अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. सर्टिफिकेट दहा वर्षे चालते. सरकारी शुल्क केवळ १०० रुपये आहे. खरा खर्च प्रशिक्षण संस्थेच्या फीचा. ती संस्थेनुसार बदलते, म्हणून दोन-तीन ठिकाणी चौकशी करावी, आणि संस्थेचे नाव डीजीसीएच्या मान्यताप्राप्त यादीत आहे की नाही हे आधी पाहावे. यादीत नसलेल्या संस्थेचा छापील कागद कितीही सुबक असला तरी त्याचा उपयोग भिंतीवर लावण्यापुरताच.

दहावीनंतर शिक्षण सुटलेल्या, पण कॅमेरा उत्तम हाताळणाऱ्या तरुणाला हा अभ्यासक्रम म्हणजे हातात आलेले एक कौशल्य आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. ड्रोन मोडेल, जुना होईल. सर्टिफिकेट दहा वर्षे त्याच्या नावावर राहील आणि दुसऱ्याचा ड्रोन उडवूनही तो चार पैसे मिळवू शकेल.

कागद : यंत्राचा खरा भाग

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. नियमांप्रमाणे प्रत्येक ड्रोनला डीजीसीएच्या ऑनलाइन पोर्टलवर नोंदवून युनिक आयडेंटिफिकेशन नंबर, म्हणजे यूआयएन, घ्यावा लागतो. नोंदणीचे शुल्क १०० रुपये आहे. "नॅनोला काहीच लागत नाही" असे दुकानदार सर्रास सांगतात. २०१८ च्या नियमांत नॅनोला नोंदणीतून सूट होती, तीच गोष्ट अजून तोंडी चालत आली आहे. २०२१ च्या नियमांत नॅनोला पायलट सर्टिफिकेट, टाइप सर्टिफिकेट आणि विमा यांतून सूट आहे. नोंदणीतून मात्र अशी सरसकट सूट लिहिलेली नाही. तेव्हा नोंदणी करून घेणेच शहाणपणाचे.

यूआयएनच्या आधीची पायरी म्हणजे टाइप सर्टिफिकेट. एखाद्या कंपनीचे एखादे मॉडेल सरकारी कसोट्यांना उतरले असा तो दाखला असतो. तो कंपनीने घ्यायचा असतो, ग्राहकाने नव्हे. परंतु तो नसेल तर फटका ग्राहकाला बसतो, कारण व्यवसायासाठीच्या मायक्रो ड्रोनला त्याच्याशिवाय यूआयएन मिळत नाही. केवळ शिक्षण, प्रयोग किंवा करमणुकीसाठी, नजरेच्या टप्प्यात उडविण्याच्या मॉडेल ड्रोनला ही अट नाही. पण तो ड्रोन मग लग्नाच्या ऑर्डरसाठी वापरता येत नाही. विक्रेता "आपला माल मॉडेल वर्गात येतो" असे म्हणत असेल, तर तो तुम्हाला हौसेचे यंत्र विकत आहे हे ओळखावे.

विक्रेत्याला पुढील गोष्टी सरळ विचाराव्यात. या मॉडेलचे टाइप सर्टिफिकेट आहे का, आणि त्याचा क्रमांक काय? यूआयएन माझ्या नावावर कोण काढून देणार, तुम्ही की मी? जीएसटीचे पक्के बिल, त्यावर ड्रोनचा सीरियल नंबर लिहून मिळेल का? दुरुस्ती आणि सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती भारतात मिळते का? हा शेवटचा प्रश्न अनेकांना फालतू वाटेल. पण ड्रोन कोठे आहे हे सतत कळविणारी यंत्रणा, ठरावीक हद्द न ओलांडण्याची सोय अशा सुरक्षेच्या गोष्टी सरकार पुढे सक्तीच्या करू शकते, आणि त्या बसविण्यासाठी किमान सहा महिने देईल, असे नियमांतच लिहिले आहे. ज्या ड्रोनचे सॉफ्टवेअर सुधारता येत नाही तो त्या दिवशी निकामी होईल.

बिलाबाबत आणखी एक गोष्ट. ड्रोनवरचा जीएसटी पूर्वी प्रकारानुसार वेगवेगळा होता. कॅमेरा अंगचाच असलेल्यांवर १८ टक्के आणि वैयक्तिक वापराच्या ड्रोनवर २८ टक्क्यांपर्यंत. २२ सप्टेंबर २०२५ पासून सर्व ड्रोनवर सरसकट ५ टक्के दर झाला. जुन्या दराने किंमत सांगणाऱ्याला हे दाखवून द्यावे. आणि कर वाचवून देतो म्हणून बिलाविना माल देणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडावे. पाच टक्के वाचविण्यासाठी मालकीचा पुरावाच गमावणे हा तोट्याचा सौदा आहे.

विमाही विसरू नये. नॅनो वगळता इतर ड्रोनला तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा लागतो, मोटार वाहन कायद्यातील तरतुदींच्या धर्तीवर. दीड किलोचे यंत्र शंभर फुटांवरून शामियान्यात बसलेल्या पाहुण्याच्या डोक्यावर पडले तर काय होईल, याचा विचार केला की विम्याचा हप्ता जड वाटत नाही.

दुबईहून आणलेला ड्रोन

कोकणातील फार थोडी मुस्लिम घरे अशी असतील की ज्यांतील कोणी आखातात नाही. सुटीवर येणारा भाऊ किंवा मामा टीव्ही, मोबाइल, अत्तर आणतो, तसा "मला एक ड्रोन आण" हा निरोपही जातो. दुबईच्या बाजारात नामांकित चिनी कंपन्यांचे ड्रोन सहज मिळतात. पण येथे फसगत होते.

९ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेनुसार तयार ड्रोन, अर्धवट जोडलेला ड्रोन आणि सुटे भाग करून आणलेला संपूर्ण ड्रोन, या तिन्ही रूपांत आयात बंद आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांसाठी सवलत आहे, तीही परवाना घेऊन. देशात ड्रोन बनावेत हा यामागचा हेतू असल्याने खरेखुरे सुटे भाग, म्हणजे मोटर, पंखे, कंट्रोलर वगैरे आणण्यास मोकळीक आहे. त्यावरून काही जण सल्ला देतात की, धड एका बॅगेत, पंखे दुसऱ्या बॅगेत आणि रिमोट तिसऱ्याच्या सामानात टाकावा. हे भाग एकत्र केल्यावर पूर्ण ड्रोन होत असेल तर ती बंदीतलीच आयात ठरते. विमानतळावर कस्टमच्या अधिकाऱ्याने तो पकडला की माल जप्त होतो, वर दंड होऊ शकतो, आणि दोन वर्षांनी घरी येणाऱ्या माणसाची सुटीची पहिली रात्र चौकशीत जाते. ड्रोन जवळ असेल तर कस्टमला तो जाहीर करावाच लागतो. न सांगता हिरव्या मार्गिकेने जाणे हा वेगळा गुन्हा.

समजा, कोणाचा ड्रोन कसातरी बाहेर पडलाही. पुढे काय? त्याला भारतीय टाइप सर्टिफिकेट नाही, आयातीचे कागद नाहीत, बिल परदेशातले. म्हणजे लग्नाच्या कामासाठी त्याला यूआयएन मिळण्याचा मार्गच नाही. असा ड्रोन दरवेळी लपूनच उडवावा लागेल. भेटवस्तूची ही किंमत फार झाली.

उलट दिशेनेही काळजी घ्यावी. इकडचा ड्रोन तिकडे नेताना त्या देशाचा नियम पाहिला पाहिजे. संयुक्त अरब अमिरातीने जानेवारी २०२२ मध्ये खासगी ड्रोनवर पूर्ण बंदी घातली होती; जानेवारी २०२५ पासून नोंदणीच्या अटीवर व्यक्तींसाठी ती शिथिल करण्यात आली. नियम केवळ आपल्याकडेच बदलतात असे नाही.

जुना ड्रोन घेताना

आयात बंद झाल्यावर जुन्या परदेशी ड्रोनचा बाजार तेजीत आला. "एकदाच वापरलेला, खोक्यासह" अशा जाहिराती दिसतात. यांत दोन प्रकार असतात. नियमांत जुन्या ड्रोनसाठी एक खिडकी ठेवली होती : ३० नोव्हेंबर २०२१ पर्यंत देशात असलेल्या आणि जीएसटीचे बिल किंवा २०२० चा पोचक्रमांक असलेल्या ड्रोनला ३१ मार्च २०२२ पर्यंत नोंदणी करता येत होती. ज्याने त्या वेळी यूआयएन घेतला त्याचा ड्रोन कायदेशीर आहे. तो विकता येतो, भेट देता येतो, भाड्याने देता येतो. फक्त पोर्टलवर हस्तांतराचा अर्ज करून तो नव्या मालकाच्या नावावर करावा लागतो. त्याचेही शुल्क १०० रुपयेच.

दुसऱ्या प्रकारात यूआयएन नसतो. त्याची किंमत म्हणूनच कमी असते. "नंतर काढता येईल" असे विकणारा सांगतो. ती खिडकी २०२२ मध्येच बंद झाली आहे. आरसी बुक नसलेली मोटारसायकल आपण घेत नाही, मग यूआयएन नसलेला ड्रोन का घ्यावा? आमचा सल्ला असा की, जुना ड्रोन घेताना पैसे आणि हस्तांतर एकाच बैठकीत करावे. यूआयएन विकणाऱ्याच्याच नावावर राहिला आणि उद्या काही घडले तर तो म्हणेल मी विकला, तुम्ही म्हणाल मी घेतला, आणि कागद दोघांनाही अडकवील.

आकाशातील हद्दी

कागद पूर्ण झाले म्हणजे कोठेही उडविता येते असे नाही. देशाच्या आकाशाचा नकाशा सप्टेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन भाग आहेत. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटरपर्यंत, परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मोकळीक २०० फुटांपर्यंतच आहे. ५ ते ८ किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीपासूनच पिवळा भाग सुरू होतो आणि हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. त्याहून जवळ, तसेच इतर अतिसंवेदनशील जागांवर, लाल भाग असतो. तेथे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उड्डाण नाही.

हे मुंबईला लावून पाहा. सांताक्रूझचा विमानतळ, जुहूचे धावपट्टीचे मैदान, नौदलाच्या जागा, तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र. कुर्ला, अंधेरी, वांद्रे ही सारी वस्ती विमानतळाच्या अंगाशी आहे. तेथील हॉलच्या गच्चीवरून ड्रोन सोडणे म्हणजे संकट ओढवून घेणे. पुण्यात लोहगावला हवाई दल आहे. छत्रपती संभाजीनगरात चिकलठाणा विमानतळ शहराला लागून आहे. शिवाय नकाशा स्थिर नाही. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून विमानांसाठी सुरू झाला. उलवे, पनवेल, उरण या भागांत पूर्वी कामे केलेल्यांनी आता जुन्या अनुभवावर विसंबू नये. म्हणून प्रत्येक ऑर्डरच्या आधी, पत्रिकेवरील पत्ता पाहून नकाशा तपासावा. उड्डाणापूर्वी नकाशा पाहणे ही नियमांतलीच अट आहे.

यावर आणखी एक थर आहे तो पोलिसांचा. सणवार, मोठ्या व्यक्तींचे दौरे किंवा सुरक्षेची परिस्थिती पाहून जिल्ह्यातील पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी एखादा परिसर एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल ठरवू शकतो. मुंबई पोलीस तर ड्रोन, पॅराग्लायडर वगैरेंवर महिना-महिन्याचे मनाई आदेश वेळोवेळी काढत आले आहेत. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत, जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. नकाशात जागा हिरवी असली तरी असा आदेश चालू असेल तर उड्डाण गुन्हा ठरतो. मे २०२५ मध्ये सीमेवरील तणावाच्या काळात असे आदेश अनेक शहरांत निघाले. त्या महिन्यातल्या लग्नांच्या ऑर्डरींचे काय झाले असेल, याची कल्पना धंद्यातल्या माणसाला करता येईल. म्हणून ग्राहकाशी करार करतानाच लिहून ठेवावे की, सरकारी मनाई असल्यास ड्रोनचे चित्रीकरण होणार नाही आणि त्यापोटीची रक्कम परत मिळेल. तोंडी ठरवले तर वाद होतो.

मुरूड-जंजिरा, दौलताबाद, बीबी का मकबरा यांसारख्या पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत लग्नापूर्वीचे चित्रीकरण करण्याची हौस वाढली आहे. तेथे त्या खात्याची परवानगी वेगळी लागते. अभयारण्यांत वन खात्याची. आणि एक सांगणे माणुसकीचे. लग्नघरात स्त्रियांचा भाग वेगळा असतो, शेजारच्या घरांच्या गच्च्या असतात. वरून सारे दिसते म्हणून सारे टिपायचे नसते. अशा एका तक्रारीने स्टुडिओचे वर्षांचे नाव जाते, आणि प्रसंगी फौजदारी प्रकरणही उभे राहते.

हिशेब मांडून पाहा

आता धंद्याचा हिशेब. खालील आकडे केवळ समजण्यासाठी धरले आहेत. आपापल्या गावचे दर घालून तो पुन्हा करावा.

समजा, बिनकागदाचा जुना ड्रोन ७०,००० रुपयांना मिळाला. एका लग्नामागे ड्रोनचे ४,००० रुपये मिळाले आणि बॅटरी, प्रवास, मदतनीस यांचे १,००० वजा केले तर ३,००० उरतात. भांडवल निघायला २४ लग्ने लागतील. दहाव्या लग्नात ड्रोन जप्त झाला तर ३०,००० वसूल आणि ४०,००० बुडाले. ड्रोन नियमांच्या भंगासाठी एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तो पूर्ण झाला तर खड्डा १,४०,००० रुपयांचा झाला. तो भरायला आणखी ४७ लग्ने हवीत, आणि हातात ड्रोन तर नाहीच.

दुसरी वाट, कागदपत्रांसह ड्रोन, प्रशिक्षण आणि विमा मिळून समजा २,००,००० रुपये. त्याच दराने ६७ लग्ने लागतील. वर्षाला २० लग्ने असतील तर तीन वर्षांहून अधिक काळ. म्हणजे लहान गावातील एकट्या स्टुडिओला कायदेशीर ड्रोनही लगेच परवडेलच असे नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

तिसरी वाट अनेकांच्या ध्यानात येत नाही. सर्टिफिकेट असलेला पायलट त्याच्या नोंदणीकृत ड्रोनसह एका दिवसासाठी बोलवावा. ग्राहकाकडून ६,००० घेऊन त्याला ५,००० दिले तरी भांडवल न गुंतवता १,००० उरतात, आणि ऑर्डर हातची जात नाही. फक्त त्याचे सर्टिफिकेट, यूआयएन आणि विमा यांच्या प्रती आधी पाहून घ्याव्यात. तालुक्यातील चार-पाच स्टुडिओवाल्यांनी भागीदारीत एक ड्रोन घेतला, त्यांतल्या एका तरुणाला प्रशिक्षण दिले आणि सर्वांच्या ऑर्डरी त्याच्याकडे वळविल्या, तर ६७ लग्ने एका हंगामातही पूर्ण होऊ शकतात. आम्हाला ही वाट सर्वांत चांगली वाटते. भागीदारीच्या अटी मात्र स्टँप पेपरवर लिहाव्यात.

पुढे काय दिसते

सप्टेंबर २०२५ मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने ड्रोनसाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध केला. नोंदणी, टाइप सर्टिफिकेट आणि विमा यांबाबत कडक तरतुदी, पोलिसांना जप्तीचे अधिकार आणि काही गुन्ह्यांना तुरुंगवास असे त्याचे स्वरूप होते. उद्योगातील लोकांनी त्यावर हरकतीही घेतल्या. मसुदा म्हणजे कायदा नव्हे. पण सरकारचे वळण कोणीकडे आहे हे त्यावरून कळते. कागदांची गरज कमी होईल, अशी आशा धरून आज बिनकागदाचा माल घेणे शहाणपणाचे नाही.

२०१४ पासूनचे सारे बदल एका नजरेत पाहिले तर एक गोष्ट दिसते. प्रत्येक वेळी बिल, पोचक्रमांक किंवा नोंदणी असलेल्या मालकाला नव्या नियमात शिरण्यासाठी काही ना काही दार मिळाले. हाती काहीच नसलेल्याला मिळाले नाही. उद्या नियम कोणत्या बाजूला वळेल हे आपल्या हाती नाही. पक्के बिल, सीरियल नंबर, यूआयएन आणि सर्टिफिकेट एका फाइलमध्ये नीट लावून ठेवणे मात्र आपल्या हाती आहे. ड्रोन घेण्यापूर्वी ती फाइल विकत आणावी. तिचा खर्च वीस रुपये आहे, आणि ती भरेल याची खात्री झाल्यावरच मोठी रक्कम खिशातून काढावी.